साळुंबीची स्पर्धा

टेम्पो साखर कारखान्याच्या फाट्यावर हळू झाला, तसा नवनाथनं माझ्या गुडघ्यावर गुडघा आपटला. हीच खूण ठरली होती. फाट्याजवळ मोठा गतिरोधक होता, तिथं टेम्पो माणसाच्या चालीवर यायचा. आधी त्यानं उडी मारायची, मागोमाग मी, आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या आडोशानं परत आमचं निंबाळपूर गाठायचं. जेमतेम चार किलोमीटरचं अंतर. अकराच्या आत चौकात.

नवनाथ टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरून खाली सरकला, दोन पावलं अडखळला आणि सरळ पळत सुटला. मी उठलो. एक पाय फाळक्यावर ठेवला. तेवढ्यात पाठीमागून पत्र्यावर दोन थापा पडल्या, टेम्पो धूळ उडवत थांबला आणि इंदरमावशी दोराच्या वेटोळ्यावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. नवनाथही सोळाचा. दोघंही दहावीला, परीक्षा महिन्यावर आलेली. टेम्पोत आम्ही आठ जण होतो, म्हणजे आमचा रस्सीखेचीचा पूर्ण संघ, आणि आम्ही साळुंबी नावाच्या खेड्यात स्पर्धेला निघालो होतो. तालुका पातळीवरची भव्य स्पर्धा, पितळी ढाल, दुपारी जेवण. तसा हातानं लिहिलेला कागद मावशीनं आदल्या संध्याकाळी आम्हाला वाचून दाखवला होता.

मावशीबद्दल सांगायला हवं. इंदरबाई गवळे जिल्ह्याच्या गावी रिमांड होमच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं कामाला होती. नोकरी सोडून ती निंबाळपूरला आली आणि नगरपालिकेच्या मागं लागून बंद पडलेला जकात नाका तिनं मागून घेतला. एक खोली, पुढं पत्र्याची शेड, मागं मोकळं मैदान. तिथं संध्याकाळी पोरं यायची. अभ्यासाला एक शिक्षक यायचे, कॅरमचा एक बोर्ड होता, आणि मैदानात दोर. मावशीला शिकवता काही येत नव्हतं. ती दारात बसून शेंगा निवडायची आणि कोण आलं, कोण नाही, एवढं बघायची. जो दोन दिवस दिसला नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी हजर.

मी तिथं गेलो नाही, मला नेऊन सोडलं. तेरा वर्षांचा असताना बाजारात सायकलींच्या घंट्या काढताना एका हवालदारानं मला पकडलं. चौकीच्या पायरीपर्यंत त्यानं मला कानाला धरून नेलं, मग काय वाटलं कोण जाणे, तसंच वळवून जकात नाक्यावर आणलं आणि मावशीला म्हणाला, हे तुमच्याकडं ठेवा, मी काही लिहीत नाही. मावशीनं मला काही विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं. त्या दिवसापासून मी तिथलाच. वडील आडत बाजारात हमाली करायचे, त्यांची अंगकाठी माझ्यात आली होती, म्हणून दोराच्या अगदी टोकाला, कमरेला वेढा घेऊन उभा राहणारा शेवटचा गडी मी झालो.

आमचा संघ दोन गल्ल्यांचा मिळून होता. वरच्या गल्लीचे आम्ही पाच, खालच्या गल्लीचे तिघं. माझ्या पुढं दोर धरायचा तो इर्शाद खालच्या गल्लीचा. दोन वर्षं त्याच्या टाचांकडं बघत मी दोर ओढला होता. पण त्या सकाळी टेम्पोत खालचे तिघं एका बाजूला बसले होते आणि आम्ही पाच दुसऱ्या. मधे कोणी बसलं नव्हतं.

कारण चार दिवसांपूर्वी चौकातला एक फलक कोणीतरी फाडला होता. कोणी फाडला ते आजही कोणाला माहीत नाही. पण गावात तेव्हापासून दुसरं बोलणं नव्हतं. मोबाइलवर निरोप फिरत होते. आमच्या गल्लीत ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे त्यांनी आदल्या रात्री नवनाथला आणि मला खांद्यावर हात टाकून सांगितलं होतं की उद्या अकराला चौकात जमायचं, तुमच्यासारखी ताकदीची पोरं पुढं पाहिजेत. भाऊंनी आमच्या खांद्यावर हात टाकण्याची ती पहिलीच वेळ होती. आम्ही दोघं नुसते फुगलो होतो. स्पर्धेला जाणार नाही म्हटलं असतं तर मावशी घरी येऊन बसली असती, म्हणून फाट्यावर उतरायचा बेत केला. माझ्या पँटच्या दोन्ही खिशांत दगड होते. घरून निघतानाच निवडून घेतलेले.

आता टेम्पो थांबला होता, नवनाथ ट्रॅक्टरांच्या रांगेत दिसेनासा होत होता, आणि माझा एक पाय फाळक्यावर होता. मावशीनं तिकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तिनं पदर कमरेला खोचला.

"परमेश्वर, किती राहिले?" तिनं विचारलं.

मी आत बघून मोजलं. मला धरून सात होते.

"मी येईस्तोवर सातच राहिले पाहिजेत. एक जरी कमी झाला तरी मी तुला विचारीन. दुसऱ्या कोणाला विचारणार नाही."

मी म्हणालो की सात जणांना स्पर्धेत घेणार कोण. ती म्हणाली, ते तिथं प्रयागबाई बघेल, माझी नणंद आहे, तू फक्त पोरं सांभाळ. मग तिनं ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, आणि छप्पन्न वर्षांची ती बाई चपला हातात घेऊन आल्या रस्त्यानं उलटी चालू लागली. धावतच होती म्हणा ना. टेम्पो सुटला. मी फाळक्यावरचा पाय आत घेतला. का घेतला हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. उडी मारायला अजूनही वेळ होता. पण तिनं माझ्यावर सहा जण टाकले होते आणि ते सहाही माझ्याकडं बघत होते.

पुढच्या खडीच्या रस्त्यानं रखडत साळुंबीत पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. गाव म्हणजे साठ-सत्तर घरं, एक शाळा, एक पार. मांडव नव्हता, कर्णा नव्हता, मैदान आखलेलं नव्हतं. आठवडी बाजाराचा दिवस, बाप्ये माणसं सगळी शेजारच्या गावाला गेलेली. आम्हाला उतरवून ड्रायव्हरनं टेम्पो वळवला आणि दिवस मावळताना येतो म्हणून निघून गेला. आम्ही दोर खांद्यावर घेऊन पारापाशी उभे राहिलो, तर एक उंच, काळीसावळी बाई समोर आली. तीच प्रयागबाई. तिनं आम्हाला बघितलं, बोटानं मोजलं आणि विचारलं, आठ येणार होते ना.

मी विचारलं, स्पर्धा कुठं आहे.

"आधी जेवा," ती म्हणाली.

पिठलं, भाकरी, ठेचा. सात जणांपुढं सात ताटं. जेवायलाही खालचे तिघं एका बाजूला बसले, आम्ही चार दुसऱ्या. हात धुतल्यावर मी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं की स्पर्धा-बिर्धा काही नाही, काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला की उद्या आठ पोरं पाठवते, दिवसभर ठेवून घ्या, का ते विचारू नका.

पोरं उसळली. वरच्या गल्लीतले दोघं म्हणाले की मावशीनं आपल्याला वेडं बनवलं. इर्शाद म्हणाला, आपल्याला मुद्दाम गावाबाहेर काढलंय, तिकडं काहीतरी होणार आहे. हे बोलल्यावर सगळे गप्प झाले, कारण काय होणार आहे हे प्रत्येकाला आपापल्या गल्लीपुरतं माहीत होतं. मला सगळ्यात जास्त राग आला होता. मावशी खोटं बोलत नाही, एवढी एक गोष्ट मी तीन वर्षं धरून होतो. तिनं स्वतःच्या हातानं स्पर्धेचा कागद लिहिला होता, पितळी ढालीसकट.

प्रयागबाईचे यजमान भागवतराव ओसरीवर बसून हे ऐकत होते. बुटके, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "स्पर्धा नाही खरी. पण दोर आणलाय, तर एक काम आहे."

त्यांच्या विहिरीत पाण्याची मोटर पडली होती. आठ दिवस झाले होते. गाळात रुतलेली, वर लोखंडी पाइपाचा तुकडा तसाच जोडलेला. शाळू हुरड्यात आला होता आणि पाण्यावाचून कणीस भरत नव्हतं. गावातल्या चौघांनी मिळून ओढून पाहिली होती, जागची हलली नव्हती. मी माझ्या सहा जणांकडं बघितलं. चला, म्हणालो. मला खरं तर फक्त त्यांना एका जागी ठेवायचं होतं.

विहीर गावाच्या कडेला होती. दगडी बांधणीची, खोल, मधे एक कडा पुढं आलेला. वर आडवं लाकूड आणि त्याला लोखंडी कप्पी. भागवतराव पायऱ्यांवरून उतरून छातीएवढ्या पाण्यात गेले, बुड्या मारून त्यांनी आमचा दोर मोटरीला आवळून बांधला आणि खालूनच ओरडले की मी इथंच थांबतो, कड्यापाशी अडकली तर बांबूनं बाजूला लोटायला माणूस पाहिजे. दोर कप्पीवरून घेऊन आम्ही शेतात लांबपर्यंत रांग लावली. जागा आपोआप ठरल्या. इर्शाद माझ्या पुढं, मी शेवटी कमरेला वेढा घेऊन. दोराला सगळ्यांनी रोजच्यासारखे हात घातले, तेव्हा कोणती गल्ली कुठं हे कोणी बघितलं नाही.

पहिल्या दोन हिसक्यांत काहीच झालं नाही. तिसऱ्याला गाळानं मोठा आवाज करून तिला सोडलं आणि सगळं वजन एकदम आमच्या हातांवर आलं. आम्ही मागं सरकू लागलो, वीत वीत. प्रयागबाई विहिरीच्या काठावर ओणवी होऊन आत बघत होती आणि आम्हाला सांगत होती. पाण्याबाहेर आली. कमरेएवढी वर आली. आता ह्यांच्या डोक्यावर आली. आणि मग ती म्हणाली, थांबा, पाइप कड्यात अडकला.

आम्ही टाचा रोवून थांबलो. गाळानं भरलेलं दीडशे किलोचं लोखंड भागवतरावांच्या डोक्यावर लटकत होतं आणि ते खालून बांबूनं पाइप सोडवत होते. तेव्हा इर्शादच्या खिशातला फोन वाजायला लागला.

आमच्या सातांत मोबाइल असा त्याच्याकडंच. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. इर्शादची मान वळली. "घरचा असेल," तो म्हणाला.

"हात सोडू नको."

"परम्या, काहीतरी झालंय. सारखा वाजतोय."

पुढं कोणीतरी म्हणालं, सोडू दे की त्याला एक हात. दुसरा म्हणाला, आम्ही पण ऐकायचं, काय झालंय. दोरात मला कंप जाणवला. ओढणारी माणसं जेव्हा दुसऱ्या गोष्टीचा विचार करायला लागतात तेव्हा दोर सगळ्यात आधी शेवटच्या गड्याला सांगतो. मी इतक्या हळू बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

"खाली माणूस आहे," मी म्हणालो. "आधी माणूस. मग फोन."

फोन सहा वेळा वाजला. मी मोजलं. इर्शादच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता आणि प्रत्येक वेळी फोन वाजला की त्याचे खांदे हलायचे, पण बोटं हलली नाहीत. कितीतरी वेळ आम्ही तसे उभे होतो. मग खालून हाक आली, पाइप सुटला, आणि आम्ही एका दमात मोटर काठावर आणली. भागवतराव पायऱ्या चढून वर आले तेव्हा त्यांच्या दातावर दात वाजत होते. त्यांनी मोटरीकडं बघितलंच नाही. आम्हा प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत ते रांगेच्या टोकापर्यंत, माझ्यापर्यंत आले.

इर्शादनं फोन लावला. गावात अकराला जमाव जमला होता, साडेअकराला दगडफेक सुरू झाली होती. त्याच्या चुलत्याच्या सायकल दुकानाची मोडतोड झाली होती. आमच्या गल्लीतल्या दोन घरांच्या काचा फुटल्या होत्या. पोलीस आले होते, पोरं उचलत होते. ऐकता ऐकता सात जणांचे पुन्हा दोन गट झाले. चार आणि तीन. इर्शाद चपला शोधू लागला. बावीस किलोमीटर चालत जाईन म्हणाला. आमच्यातल्या एकानं जमिनीवरचा बांबू उचलला.

बांधावरून रस्त्याला लागायची एकच वाट होती, तिथं मी जाऊन उभा राहिलो. अडवायला नाही म्हणा, इर्शाद माझ्यापेक्षा चपळ होता, त्याला मी धरू शकलो नसतो. मी खिशातले दगड काढून बांधावर ठेवले. एक एक करून. पाच होते.

"मी पण फाट्यावर उतरणार होतो," मी म्हणालो. "नवनाथबरोबर. हे दगड चौकात टाकायला आणले होते. तुझ्या चुलत्याच्या दुकानावर पडले असते का, मला माहीत नाही. पडले असते."

इर्शादनं सापडलेली चप्पल पायात घातली.

"मावशी सात मोजून देऊन गेलीय. ती आली की मी सात मोजून देणार. मग तुला जायचं तर मीही तुझ्याबरोबर येतो, दुकान आवरायला. पण ती येईपर्यंत नाही."

मग तो बांधावर, त्या दगडांपासून थोडा दूर, खाली बसला आणि रडायला लागला. ज्यानं बांबू उचलला होता त्यानं तो हळूच खाली ठेवला. मी तसाच वाटेत उभा. भागवतराव कोरडे कपडे घालून आले आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले की मोटर खोलून धुवायला चार हात पाहिजेत, पाइप बसवायला दोन, आणि कोणीतरी तारा धरा. एकेक जण उठला. इर्शाद सगळ्यांत शेवटी उठला, पण उठला.

ऊन उतरताना मोटर चालू झाली. पाइपातून आधी गाळ आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. पोरं कपड्यांसकट पाण्याखाली शिरली. मी काठावर बसून सात मोजत होतो, स्वतःला विसरून सहाच भरत होते आणि दर वेळी मी पुन्हा पहिल्यापासून मोजायचो.

संध्याकाळी टेम्पो आला नाही. गावात संचारबंदी लागली होती. प्रयागबाईच्या शेजाऱ्यांच्या फोनवर मावशीचा निरोप आला की पोरं तिथंच राहू द्या, सगळ्यांच्या घरी मी कळवते. ती कुठून बोलते आहे ते सांगितलं नाही. नवनाथचं काय, असं मी विचारलं, तोवर फोन ठेवला गेला होता. आम्ही चार दिवस साळुंबीत राहिलो. हुरडा खाल्ला, शाळूला पाणी दिलं, शाळेच्या पोरांना दोर ओढायला शिकवला.

पाचव्या दिवशी परत आलो तेव्हा मावशी जकात नाक्याच्या दारात बसली होती. डाव्या हाताला प्लास्टर. तिनं आम्हाला मोजलं. सात. मग मान हलवली आणि आत जाऊन चहा ठेवला. मी ठरल्याप्रमाणे इर्शादबरोबर त्याच्या चुलत्याच्या दुकानी गेलो. चुलत्यांनी मला ओळखलं, कोणत्या गल्लीचा ते त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी माझ्या हातात झाडू दिला.

हळूहळू सगळं कळत गेलं. त्या दिवशी अठरा वर्षांखालची एकवीस पोरं पोलिसांनी उचलली होती. त्यांतल्या काहींनी दगडाला हातही लावला नव्हता, नुसती बघायला गेली होती. भाऊंचं नाव मात्र कुठल्याच कागदात नव्हतं. अकराला ते गावातच नव्हते, असं नंतर सगळीकडं सांगितलं गेलं. नवनाथ त्या एकवीसांत होता. अकरा दिवस तो रिमांड होममध्ये राहिला. मावशी रोज एसटीनं जिल्ह्याला जायची, त्याची पुस्तकं घेऊन. बाल न्याय मंडळापुढं त्याचे वडील आणि मावशी दोघं जामीन राहिले आणि तो सुटून आला तेव्हा परीक्षेला तीन आठवडेही उरले नव्हते. त्याला शेहेचाळीस टक्के पडले. तारखा पुढं तीन वर्षं चालल्या. शेवटी मंडळानं त्याला समज दिली आणि मावशीच्या जकात नाक्यावर रोज दोन तास काम करायला लावलं. वर्षभरासाठी. वर्ष संपलं तरी तो यायचा थांबला नाही.

पण आम्ही दोघं पूर्वीसारखे राहिलो नाही. त्यानं कधी काही विचारलं नाही. मीच टाळायचो. गुडघ्याला गुडघा लागला होता, खूण मला कळली होती, आणि मी उतरलो नव्हतो. चांगलं झालं हे मला कळत होतं, पण त्याच्याकडं बघून चांगलं झालं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

त्या दिवसानंतर आठ वर्षांनी मला वीज कंपनीत लाइनमनची नोकरी लागली. नेमणुकीआधी पोलीस पडताळणी होते. कायद्यानं लहान वयातल्या गुन्ह्याचा डाग पुढं राहू नये असं आहे म्हणतात, पण मी ओळखीतल्या दोघांचे कागद वर्षवर्ष अडलेले पाहिले होते. माझा कागद आठ दिवसांत आला. त्यावर एकच शब्द होता, निरंक. मी तो चार वेळा वाचला आणि पेढे घेऊन मावशीकडं गेलो.

मावशीला तोवर कमी दिसायला लागलं होतं. तिनं माझा चेहरा हातानं चाचपला. जे आठ वर्षं विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं. त्या दिवशी फाट्यावर मी उतरणार होतो, हे तुला कळलं होतं का.

"फाळक्यावर पाय होता की तुझा."

"मग पोरं माझ्यावरच का टाकलीस? इर्शाद होता, बाकीचे होते."

तिला हसू आलं. "दुसऱ्याला सांगितलं असतं तर ते सहा जण तुला धरून बसले असते. आणि तू सुटला असतास. तुला सांगितलं, तर तू सहा जणांना धरून बसलास." मग म्हणाली, "मी तोवर कधी खोटं लिहिलं नव्हतं. ढालीचं तर दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. तुम्ही चिडणार हे माहीत होतं. चिडलेली पोरं घरी तर येतात."

मी पेढ्यांचा पुडा तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. आधी नवनाथला दे, म्हणाली.

नवनाथ मागच्या मैदानात होता. आता तो दिवसा टेम्पो चालवायचा आणि संध्याकाळी नाक्यावरची पोरं तोच बघायचा. मला बघून तो सावलीत आला. मी पेढा दिला, नोकरीचं सांगितलं. आणि मग तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं की मी खूण ओळखली होती आणि तरीही उतरलो नव्हतो.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी दोनदा वळून बघितलं. पहिल्यांदा तू फाळक्यावर दिसलास. दुसऱ्यांदा बघितलं तर रस्त्यानं मावशी येत होती. अनवाणी. मी थांबायला पाहिजे होतं. मी एका मोटरसायकलवाल्याला हात केला."

पुढचं त्यानं पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं असावं. चौकात त्यानं दोन दगड मारले. तिसरा उचलला तेव्हा गर्दीत त्याला मावशीचा आवाज ऐकू आला, ती त्याच्या नावानं हाका मारत होती आणि तिच्या अंगावर लोक आदळत होते. तिचा हात तिथंच मोडला. तो तिच्याकडं जायला वळला आणि पोलिसांनी त्याला धरलं. गाडीत कोंबलेल्या पोरांत तो सगळ्यात मागं, दाराशी. दार लावताना मावशीनं चांगल्या हातानं गज धरला आणि पाय आत टाकला. साहेब म्हणाले, बाई, उतरा, तुमचं यात काम नाही.

"काय म्हणाली?"

नवनाथनं पायाखालचा एक खडा बाजूला सारला. "म्हणाली, साहेब, बावीस वर्षं मी पोरं ह्या गाडीतून उतरताना बघितली. चढताना त्यांच्यासंगं कोण नसतं. आज मी चढते. आणि चढली. साहेबांनी पुन्हा उतरा म्हटलं नाही. चौकीपर्यंत तिनं माझं मनगट धरलं होतं. मोडका हात मांडीवर, चांगल्या हातानं मला. मी भीतीनं कापत होतो, ती दुखण्यानं. पण तिनं सोडलं नाही."

मी विचारलं, माझा राग आला नाही का. आला, तो म्हणाला. आत असताना अकरा दिवस रोज आला. मग एका संध्याकाळी मावशी पुस्तकं देऊन परत जाताना फाटकापाशी पिशवी सावरत होती, एका हातानं जमत नव्हतं, ते त्याला खिडकीतून दिसलं, आणि राग गेला.

"तू उतरला असतास तर गाडीत आपण दोघं असतो, परम्या," नवनाथ म्हणाला. "आणि मावशीचा एकच हात धड होता. बरं झालं नाही उतरलास."

त्यानं पुडा माझ्या हातून घेतला, उरलेले पेढे मैदानातल्या पोरांत वाटले, एक मावशीसाठी बाजूला ठेवला, आणि मला आत चहाला घेऊन गेला.